साडीला उजवा कौल

बाई दुकानाची पायरी चढून आत येईपर्यंत सुमंगलानं तिचं वय ओळखलेलं असायचं. आधार कार्डावरचं नव्हे, खरं! आणि वय एकदा कळलं, की त्या बाईनं जत्रेला काय नेसावं, बारशाला काय नेसावं आणि जावेच्या मुलीच्या लग्नात काय अजिबात नेसू नये, हे सांगायला तिला चहाचा घोटही थांबवावा लागत नसे.

रामनगरच्या बाजारात, नवऱ्याच्या पेंडीच्या दुकानाला लागून, तिचं फॉल-पिकोचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराची पुढची पडवी. एक शिलाईचं मशीन, एक पिकोचं, आणि लोखंडी कपाटात अर्ध्या तालुक्याचे ब्लाऊज. पण बायका तिच्याकडे टाक्यांसाठी कमी आणि निकालासाठी जास्त यायच्या. सुमंगलाचे नियम पक्के होते. विशीपर्यंत काहीही घाला, चेहराच निभावून नेतो. पस्तिशीपर्यंत भडक रंग चालेल, पण काठ रुंद हवा. चाळिशी आली की काठ वाढवा आणि रंग उतरवा. पन्नाशीनंतर रंग मातीकडे वळला पाहिजे आणि साठीनंतर राखेकडे.

"म्हंजे बाईला जित्तीच सरणावर चढवालीस की," तिचा नवरा विठ्ठल एकदा म्हणाला होता.

"तुमी पेंड इका," सुमंगला म्हणाली होती, आणि तो विषय तिथंच संपला होता.

सणासुदीचे नियम वेगळे. चतुर्थीला हिरवं, हळदी-कुंकवाला हलकं, डोहाळजेवणाला फुलाफुलांचं. कुठल्याही कार्यात सासूचा रंग सुनेच्या रंगापेक्षा एक पायरी फिका. हा शेवटचा नियम सुनांना फार आवडायचा. ब्लाऊजचा गळा वयाबरोबर वर चढला पाहिजे, गजरा खाली उतरला पाहिजे, असंही ती सांगायची. बायका तोंड वाकडं करायच्या पण ऐकायच्या. कारण जत्रेत कुणी चुकीच्या रंगात दिसली, की शेजारची लगेच म्हणायची, "हिनं सुमंगलाअक्काला इचारलं न्हाई वाटतं." या एका वाक्यासाठी सुमंगला जगत होती म्हटलं तरी चालेल.

अशात जत्रा पंधरवड्यावर आली, आणि सुमंगलाच्या मशीनवर एक शेंदरी इरकल साडी येऊन पडली.

साडी नुसती शेंदरी नव्हती, ती मारुतीच्या अंगावरून खरवडून काढल्यासारखी शेंदरी होती. काठ पोपटी. सुमंगलानं ती बोटांच्या चिमटीत धरून उचलली. "कुनाची वो ही, आत्ती?"

"माझी," सासू म्हणाली. अनुसयाचं वय चौऱ्याहत्तर. दात निम्मे, कंबर ताठ, कान जरा कमी. "लेकीकडनं खानापुरास्नं येताना घेतली. फॉल लाव हिला."

"जत्रंला न्हेसनार?"

"जत्रंला न्हाई तर काय भात लावायला न्हेसू?"

सुमंगलानं साडी मशीनवर टाकली. अख्ख्या गावाला राखाडी सांगणारीची सासू पालखीपुढं शेंदरी होऊन चालणार! "आत्ती, तुमचं वय काय, ह्यो रंग काय. लोंढ्याच्या रेल्वे सिग्नलगत दिसशीला. लोक मला काय म्हनतील?"

"तुझं नेम गिऱ्हाइकास्नी. मी काय तुझं गिऱ्हाईक न्हवं."

"मी एक झकास राखाडी काढून ठेवलीया तुमच्यासाठी. बारीक चंदेरी काठाची."

"ती ठेव जपून. मी गेल्यावर पांघरा माझ्यावर."

त्या दिवसापासून सासू-सुनेचं बोलणं बंद झालं. मीठ कमी पडलं तरी अनुसया विठ्ठलाला हाक मारून सांगायची, "तिला म्हनावं मीठ दे." सुमंगला मीठ त्याच्या हातात देऊन म्हणायची, "त्यास्नी म्हनावं घ्या." दोघी एकमेकींपासून हातभर अंतरावर बसलेल्या असायच्या. विठ्ठलाला स्वतःच्याच घरात पोस्टमन व्हावं लागलं, आणि पेंडीचं दुकान दुपारी उघडं टाकून तो घरात येरझाऱ्या घालू लागला. शेवटी सुमंगलानंच तोड काढली. तिला ती फार हुशारीची वाटली.

"आत्तीस्नी म्हनावं," ती नवऱ्याला म्हणाली, "देवीला इचारूया. कौल लावूया."

आता हे जरा सांगायला हवं. सुप्याचं धरण झालं आणि पाणी चढू लागलं, तेव्हा जी माणसं उठून रामनगरला आली, त्यांनी आपली देवीही उचलून बरोबर आणली. तेव्हापासून कुठलाही अडला प्रश्न तिच्यापुढं जातो. बोअर कुठं मारायची, म्हैस कुठल्या रानात चुकली, पोरीला आलेलं स्थळ बरं आहे का. गुरव देवीच्या काळ्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, डाव्या अंगाला आणि उजव्या अंगाला, आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. त्यावर अपील नाही.

सुमंगलाची खात्री होती. देवी शतकानुशतकं बाया बघत आलीय, तिला शोभतं काय आणि शोभत नाही काय ते कळत नसेल? ती काय खुळी आहे?

देवळात महाबळेश्वर गुरवानं प्रश्न दोनदा विचारून घेतला. "साडीचा कौल?"

"व्हय."

"म्हशीचा लावलाय, बोअरचा लावलाय. पळून गेलेल्या जावयाचा लावलाय. साडीचा अजून कुनी इचारला न्हाई."

"मग आता आमी इचारालोय की," अनुसया म्हणाली. तिचं हळू बोलणंही सभामंडपात घुमायचं.

गुरवानं अंग झटकून घेतलं, पाकळ्या लावल्या आणि हात जोडले. "हे माये, पान्यातनं उठून तू आमच्यासंगं आलीस, डोंगर सोडलास, तळं सोडलंस. आज ही अनुसया तुझ्या पायाशी आली हाय. तिनं जत्रंला शेंदरी साडी न्हेसावी का, माये..."

'माये' पुरतं म्हणूनही झालं नव्हतं, तोच उजवी पाकळी टपकन खाली पडली.

अनुसयानं सुनेकडं पाहिलंसुद्धा नाही. फक्त पदर सारखा केला, आणि बाहेर पडताना इतक्या दिवसांत पहिल्यांदा थेट तिच्याशी बोलली. "फॉल सांजच्याला पायजे."

गोष्ट एवढ्यावर थांबली असती तर काही नव्हतं. पण रामनगरमध्ये गोष्टी थांबत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची शांता देवळात हजर. शांता अठ्ठावन्न वर्षांची. सुमंगलानं तिला मातकट रंगाची साडी ठरवून दिलेली, ब्लाऊज शिवून तयार. शांताला हवी होती पोपटी. आयुष्यभर हवी होती. लग्नात सासऱ्यांना तो रंग आवडला नाही म्हणून राहिली, मग पोरं झाली म्हणून राहिली, आणि शेवटी सुमंगलाच्या नियमात बसेना म्हणून राहिली. तिनं कौल लावला. उजवा!

शांता देवळातून निघाली ती तडक सुमंगलाच्या दुकानात. "अक्का, ह्यो मातकट उसवा. देवीनं पोपटी सांगितलंय."

"अगं पण मी सांगितलं हुतं..."

"तुमी सांगितलं हुतं. पर ती देवी हाय नव्हं?"

सुमंगलानं उसवायची कात्री उचलली.

मग रांगच लागली. बँकेत नोकरीला लागलेली पल्लवी आली. तिची तऱ्हा उलटी. ऐन चोविशीत तिला आजीची विटकी काळी इरकल नेसायची होती, खाली पांढरे कॅनव्हासचे बूट घालून. सुमंगलानं तिला चांगली गुलाबी सांगितली होती. देवीनं काळीला होकार दिला, बुटांसकट. एका आजीबाईंना डोळ्यांवर मोठा काळा चष्मा लावून पालखीत चालायचं होतं. होय. साठीतल्या दोन जावांना एकसारख्या जांभळ्या साड्या हव्या होत्या. होय, आणि होय. दिग्गीकडून पहिल्या बसनं आलेल्या एका बाईनं विचारलं, की मी आमच्या पद्धतीनं खांद्यावर गाठ मारूनच नेसू ना, का इथल्या बायकांसारख्या पिना टोचू? देवीनं गाठीला कौल दिला, आणि ती बाई उलट्या बसनं समाधानानं परत गेली.

प्रश्न दिवसेंदिवस बारीक होत चालले. फुग्याच्या बाह्या. पाठीला दोरी. दोरीला गोंडा. महाबळेश्वर गुरव टेकीला आला. "बायांनो, बोअरवाला बाहीर गाडी लावून उभा हाय, आनि मी देवीला गोंड्याचं इचारू?"

"इचारा की. तिला काय तरास हाय?" मागून कुणीतरी म्हणायची.

आणि देवी कुणालाही नाही म्हणेना! शिवलेलं उसवायचं, उसवलेलं पुन्हा शिवायचं, आणि तेही सगळं स्वतःच्या नियमांच्या विरुद्ध. दुकान धो धो चालत होतं, पण तिथं सुमंगलाचा शब्द चालत नव्हता. पूर्वी बायका विचारायच्या, "अक्का, कसं करूया?" आता नुसत्या सांगायच्या, "असं करा." तिला जेवण गोड लागेना. मशीनवर बसून ती विचार करायची, की देवीला झालंय तरी काय. आणि एका संध्याकाळी तिला उत्तर सापडलं.

देवळाच्या कमिटीनं गेल्या वर्षीच गाभाऱ्याच्या दारावर पंखा बसवला होता. सुमंगलानं भर गर्दीत बोट केलं. "त्यो बगा. समदं वारं उजव्या पाकळीला लागालंय. देवीचा कौल न्हवं ह्यो, फॅनचा हाय."

देवळात एवढी शांतता पसरली की बाहेर बांधलेला बोकड ऐकू आला. कमिटीचे अध्यक्ष गुरुदास पुढं आले. पंखा त्यांनीच देणगी म्हणून दिला होता, पात्यांवर त्यांचं नाव होतं. "सुमंगलावैनी, फॅनला बोलला ते मी सोसलो. देवीला बोलला ते कसं सोसू?"

गुरवानं रागारागानं बटण बंद केलं. वारा थांबला. सगळ्यांच्या कपाळावर घाम आला. शांता फुग्याच्या बाह्यांसाठी रांगेत उभीच होती, तिचाच कौल लावला. पाकळी जराशी सरकली, थबकली, आणि उजवीच पडली.

सुमंगलानं देवीपुढं नारळ फोडून चूक कबूल केली. एवढी मान तिनं लग्नातसुद्धा खाली घातली नव्हती.

जत्रेच्या आदल्या दिवशी दुपारी दुकानात शुकशुकाट होता. सगळ्यांच्या साड्या घरी गेल्या होत्या. सुमंगलानं आपल्यासाठी काढून ठेवलेली साडी हातात घेतली. रंग चहात दूध जास्त पडल्यासारखा. अठ्ठेचाळिशीला अगदी नियमात बसणारा. ती बाजूला सारून तिनं पत्र्याची ट्रंक उघडली.

तळाशी, डांबरगोळ्यांच्या वासात, एक राणी रंगाची साडी होती. आठ वर्षांपूर्वी चाळिशी लागली त्या दिवशी सुमंगलानं ती स्वतःच्या हातानं घडी घालून तिथं ठेवली होती. कुणी सांगितलं नव्हतं, तिच्याच नियमानं ती बाद ठरली होती. त्या रात्री ती थोडी रडलीही होती, पण विठ्ठलाला म्हणाली होती की कांदा चिरालेय. आता तिनं साडी उलगडली आणि गालाला लावली. शेंदरी सासू, पोपटी शांता, काळ्या चष्म्याची आजी. सगळं गाव आपल्याला हवं ते नेसून उद्या नाचणार, आणि आपण? तिला फार वाईट वाटलं. हेवाही वाटला.

साडी तिनं भाजीच्या पिशवीत घातली, वर कोथिंबिरीची जुडी ठेवली आणि आडवाटेनं देऊळ गाठलं. महाबळेश्वर जेवायला निघाला होता.

"एकच कौल," ती हळूच म्हणाली. "माझा."

गुरवानं पिशवीत डोकावून पाहिलं, तिच्या तोंडाकडं पाहिलं, आणि पाकळ्या भिजवल्या. गाऱ्हाणं घातलं. पाकळी पडली नाही.

पुन्हा घातलं. नाही. उजवी नाही की डावी नाही. इतरांना क्षणात होकार देणारी देवी दगडासारखी गप्प. सुमंगला मांडी घालून बसून राहिली. साडी मांडीवर. कोथिंबीर सुकू लागली.

"इचारात पडली असंल," गुरव म्हणाला. त्याच्या पोटात कावळे ओरडत होते. "तुमचंच नेम हायत नव्हं, अक्का? तिलाबी अवघड."

तेवढ्यात पायऱ्यांवर चपला वाजल्या. उद्याची झाडलोट करायला बायका आल्या होत्या, झाडू-बादल्या घेऊन. पुढं शांता. मागं पल्लवी. त्यांच्यामागं, कुणीही बोलावलेलं नसताना, अनुसया. सुमंगलाला साडी पदराखाली लपवायला वेळच मिळाला नाही, आणि राणी रंग तसाही लपत नाही.

आता हसतील, तिला वाटलं. हसावंच त्यांनी. आपणही हसलो असतो. बाईला मातीचा रंग देणारी स्वतः चोरून गुलाबाचा कौल लावायला बसलीय. डोळ्यांत पाणी आलं आणि या वेळी जवळपास कांदाही नव्हता.

शांतानं झाडू भिंतीला टेकवला. साडीकडं पाहिलं, पाषाणावरच्या पाकळ्यांकडं पाहिलं, आणि काय झालंय ते तिला कळलं. ती सुमंगलाच्या शेजारी बसली आणि हात जोडून देवीला म्हणाली, "दे गे माये. आमास्नी दिलंस तसं तिलाबी दे. तिचं आयुष्य गेलं आमच्या अंगावरचं बगन्यात."

"दे गे," मागच्या बायका म्हणाल्या.

"दे म्हंते मी," अनुसया असं काही म्हणाली की घंटा जराशी थरारली. "सुम्म गप बसून काय राहिलीस? सून हाय माझी."

देवीला गप्प बसवत नव्हतं की सासूच्या आवाजाचा हादरा होता, ते देवीच जाणे. उजवी पाकळी पडली. बायकांनी ओरडून देऊळ डोक्यावर घेतलं, आणि सुमंगला शांताच्या खांद्यावर डोकं ठेवून मनसोक्त रडली. गुरव जेवायला पळाला.

जत्रेचा दिवस उजाडला. चौकात ढोल वाजू लागले. सुमंगलानं राणी रंगाची साडी इस्त्री करून पलंगावर पसरली, बरोबरचा ब्लाऊज काढला आणि हात बाहीत घातला. बाही कोपरापर्यंत आली, आणि तिथंच थांबली. सुमंगलानं ओढली, श्वास धरला, सोडला, दुसऱ्या बाजूनं प्रयत्न केला. ब्लाऊज जुना होता, आणि हात मात्र अलीकडचा होता. अर्ध्या तालुक्याची मापं जिला वहीशिवाय पाठ, तिनं स्वतःचं माप किती वर्षांत घेतलं नव्हतं!

उसवावा तर आत शिलाईला कापड सोडलेलं नाही. नवा शिवावा तर बाजार बंद. पालखी निघायची वेळ झालेली. ती एका बाहीत अडकून तशीच पलंगावर बसली. दारातून अनुसया आत आली, शेंदरी साडीत, पेटल्यासारखी. तिनं सुनेकडं एकदा बघितलं, आत गेली, आणि आपला एक हिरवा खणाचा ब्लाऊज आणून पलंगावर टाकला. ढगळ, कोपरापर्यंत बाह्यांचा, पुढं गाठ मारायचा.

"घाल."

"आत्ती, ह्यो तुमचा..."

"घाल म्हंते मी. देवी खोळंबली."

तो बसला. अगदी बेतून शिवल्यासारखा बसला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईचा ब्लाऊज आपल्याला इतका नेमका यावा, याचं दुःख करायला सुमंगलाला वेळ नव्हता.

पालखीपुढं रंगांचा नुसता कल्लोळ होता. शांता फुग्याच्या बाह्यांत नाचत होती, काळ्या चष्म्याची आजी कुणाकडंही न बघता चालत होती. सुमंगला आली तशी सगळ्यांच्या नजरा तिच्याकडं वळल्या. राणी साडी, हिरवा खण, पुढं गाठ. पल्लवी तर पुढंच आली. "अक्का, भारी दिसालंय हे! साडी-ब्लाऊजचा मेळ न्हाई, जुन्या पद्धतीची गाठ. मुंबईत हेच चाललंय आता. कुठनं सुचलं?"

बायका भोवती गोळा झाल्या. सगळ्यांचे कान तिच्याकडं लागले, पूर्वीसारखे. कित्येक दिवसांनी तिनं मान ताठ केली, एक बोट वर केलं आणि घसा साफ केला.

"त्याचं काय हाय," ती म्हणाली, "पंचेचाळिशी उलटली की बाईनं ब्लाऊज नेहमी..."

"कसलं नेम सांगालीस त्यास्नी?" शेजारून अनुसया, तिच्या हळू आवाजात, जो पालखीच्या पलीकडच्या भोयांनाही ऐकू गेला, म्हणाली. "तिचा तिला चढंना झाला बाय. दंडात अडकला. ह्यो माझा हाय. आनि सांजच्याला धुऊन परत दे गे, उद्या मला लागतोय."